परसातला मोठा टोमॅटो आणि घरचे बी

टोमॅटो हे महाराष्ट्रात आता नगदी पीक झाले आहे. शेतात संकरित वाण लावणेच बहुधा किफायतशीर ठरते. त्यांतील पुष्कळसे वाण काही रोगांना तोंड देतात, फळे एकसारखी येतात व दूरच्या बाजारास पाठविली तरी टिकतात. परंतु शेताचा हा हिशेब परसबागेलाही लावावा काय? माझ्या मते लावू नये. परसात चार-सहा झाडे मोठ्या फळांच्या जुन्या सरळ वाणाची असावीत आणि त्यांचे बी घरीच धरावे.

मोठ्या फळांच्या जुन्या वाणांची साल पातळ व गर भरपूर असतो. अशी फळे पेटीत दबतात, म्हणून व्यापारी ती घेत नाही व ती बाजारात क्वचितच दिसतात. जे बाजारात मिळत नाही ते घरी पिकविणे, हाच परसबागेचा खरा उपयोग होय. न्यूयॉर्कचे बियाणे-व्यापारी पीटर हेंडरसन यांच्या पेढीने १८९१ साली ‘पाँडेरोसा’ हा वाण विक्रीस आणला. त्याचे फळ अर्धा किलो व त्याहूनही अधिक भरते. बाजाराने तो मागे टाकला, तरी घरोघर बी राखणाऱ्यांमुळे तो आजही टिकून आहे. आपल्याकडील खाचांचे, चपटे गावरान टोमॅटोही कोणीतरी बी धरले म्हणूनच उरले आहेत.

दुसरे कारण बियाण्याचे. संकरित वाणाच्या फळातून काढलेले बी पेरल्यास पुढच्या पिढीत झाडे सारखी निपजत नाहीत. म्हणून दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. परसबागेसाठी एकदा संकरित पाकीट वाटून आपले काम संपले, असे मानणे बरोबर नाही. पाकीट संपले की ती बागही बहुधा संपते. सरळ वाणाचे बी मात्र एका घरातून दहा घरांत जाते. शेतकऱ्याने स्वतःचे बी राखावे, पेरावे व इतरांस द्यावे, हा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे.

ह्या वाणांचे दोषही सांगितले पाहिजेत. फळे कमी लागतात व उशिरा येतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगास आणि करप्यास झाडे सहज बळी पडतात. रात्री उकाडा असला तर फुले गळतात. म्हणून उन्हाळी लागवड करू नये. सप्टेंबरात रोप टाकून ऑक्टोबरात लावावे, म्हणजे थंडीत फळ धरते. रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत. दोन झाडांत किमान दोन फूट अंतर ठेवून लावणीच्या वेळीच मजबूत काठी रोवावी. फळांचे ओझे कोवळ्या खोडास पेलत नाही. पाणी नेमाने द्यावे. माती कोरडी पडून मग एकदम भरपूर पाणी मिळाले, तर फळे तडकतात. पाण्याच्या अशाच अनियमितपणामुळे फळाचे टोक काळे पडून सडते. ज्या गावी रोगाचा उपद्रव फार आहे, तेथे मोठ्या फळाचा आग्रह सोडून ‘पुसा रुबी’सारखा मध्यम फळाचा सरळ वाण घ्यावा, बी राखण्याचा हेतू त्यानेही साधतो.

बी धरताना केवळ मोठे फळ पाहू नये, झाड पाहावे. शेवटपर्यंत निरोगी राहिलेली दोन-तीन झाडे निवडावीत. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच फळते. पण मोठ्या फळांच्या काही वाणांत स्त्रीकेसर बाहेर डोकावते व परक्या परागाचा संकर होऊ शकतो. म्हणून बियांसाठी ठेवलेला घोस फुले उमलण्यापूर्वी पातळ मलमलीच्या पिशवीत बांधावा व फळ धरताच पिशवी काढून खुणेचा दोरा बांधावा. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावा. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटले की बी धुऊन सावलीत खडखडीत वाळवावे आणि वाणाचे नाव व वर्ष लिहून कोरड्या बरणीत ठेवावे. असे बी तीन-चार वर्षे उगवते.

हे काम बहुतेक घरांत स्त्रियांच्या हातचे आहे. भोपळ्याचे, घेवड्याचे, वांग्याचे बी त्यांनीच आजवर राखले. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचवावी आणि एका गावात निदान पाच घरी तरी असे बी तयार करवून घ्यावे. परसबागेच्या कामाचे मोजमाप वाटलेल्या पाकिटांवरून न करता, पुढील हंगामात किती घरांनी घरचे बी पेरले, यावरून करणे उचित ठरेल.