मीम नको, मॅट मागा!

कॉलेजची कबड्डी टीम यंदाही पहिल्याच फेरीत गारद झाली आणि ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडला. चिडा, हक्कच आहे तुमचा! पण सामन्याला किती जण होतो आपण? आपली पोरं मातीत सराव करतात, स्पर्धेत मॅटवर घसरतात. हे कोणी बोललं?

पुणेरी पलटण २०१४ पासून प्रो कबड्डी खेळतेय. २०२२ मध्ये फायनल हरली, करंडक मिळाला २०२४ मध्ये. जोह्यातल्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते. तोवर मातीला कोणी नावं ठेवत नाही. मग टीमलाच का? उद्या प्राचार्यांकडे मॅट मागायला चला. पुढच्या सामन्याला मैदानात भेटू. हरलो तरी!