अंगठा तालुक्याला, दाद हायकोर्टात

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि ते नसावं असंच माझं मत आहे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या तालुका कोर्टात मी दिवाणी कामं चालवते. वाटपाचे, बांधाचे, विहिरीच्या पाळीचे दावे. तडजोड करून गेलेला पक्षकार वर्षभरानं परत येतो, तेव्हा बहुतेक वेळा दुखणं एकच असतं: शेजारून रस्ता गेला, भाव वाढला, आणि राजीखुशीनं सोडलेले दहा गुंठे आता डोळ्यांत खुपायला लागले. "मॅडम, तेवढा निवाडा रद्द करून घ्या की." अशांना मी चहा पाजते आणि घरी पाठवते. काही वकीलमित्र फी घेऊन कागद तयार करतात, तो त्यांचा प्रश्न.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 21 सरळ आहे. निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. तो अंतिम, दोघांवर बंधनकारक. कोर्ट फी परत मिळते, आणि समोरच्यानं शब्द फिरवला तर थेट दरखास्त लावता येते. पस्ताव्याला अपिलाची वाट मोकळी केली, तर लोकअदालत म्हणजे दाव्यातला आणखी एक मुक्काम होऊन बसेल.

पण पस्तावलेला वेगळा आणि फसवला गेलेला वेगळा.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. वडिलांच्या जमिनीच्या वाटपात भावाभावांनी लोकअदालतीत तडजोड केली. कागदावर या बाईंचा हिस्सा सोडल्याचा मजकूर, खाली अंगठा. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी पुण्याला लेकीच्या बाळंतपणात होते. आणि मी चौथी शिकलेय, मॅडम. सही करते. अंगठा कशाला उठवीन?" त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं. त्यावर गोल, ठसठशीत अक्षरात त्यांचं नाव होतं.

आता हे सिद्ध कसं करायचं? दवाखान्याचे कागद हवेत, ठसेतज्ज्ञ हवा, 'हीच ती बाई' म्हणून ओळख देणाऱ्या वकिलाचा उलटतपास हवा. ही सगळी साधनं आमच्या दिवाणी कोर्टात आहेत. पण त्या कोर्टाचं दार बंद. पंजाबच्या जालौर सिंग प्रकरणात 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लोकअदालत न्यायनिवाडा करत नाही, झालेली तडजोड फक्त नोंदवते. निवाड्याला आव्हान द्यायचं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 किंवा 227 खाली हायकोर्टात रिट, तेही अगदी मोजक्या कारणांवर. त्या प्रकरणात संमती नसतानाच अपघाताची भरपाई वाढवून दिली होती, म्हणून तो खुलासा गरजेचाच होता. पुढे 2017 मध्ये भार्गवी कन्स्ट्रक्शन्सच्या निकालानं उरलीसुरली शंका मिटवली: फसवणुकीचा आरोप असला तरी दिवाणी दावा चालणार नाही, रिटच करायचं.

आणि रिटमध्ये हायकोर्ट सहसा साक्षीपुरावा घेत नाही. काम चालतं ते प्रतिज्ञापत्रांवर. म्हणजे ज्या कोर्टाला अंगठा तपासता येतो त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे ते अंगठा तपासायला बसत नाही. फसवणुकीच्या पक्क्या पुराव्याशिवाय निवाडा सहजासहजी रद्द करू नका, हे सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये हायकोर्टालाही बजावलंय. बजावलं ते योग्यच. पण बाईंनी पुरावा मांडायचा कुठे?

आमच्या जिल्ह्याला पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, तेवढा प्रवास वाचला. हायकोर्टाच्या वकिलाची फी मात्र जवळ आली नाही. बाईंनी नाद सोडला. दिवाळीत भावानं साडी नेसवली, त्यावर मिटलं.

2023 चा मध्यस्थी कायदा बघा. मध्यस्थीतून झालेल्या करारालाही तो अंतिम मानतो, पण आव्हानाची चार कारणं नावानिशी देतो: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीला नेताच न येणारा वाद. मुदत 90 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 90. 'माझं नुकसान झालं' हे त्या यादीत नाही, आणि तेच मला पटतं. लोकअदालतीला मात्र तो कायदा लागू नाही. पैसेवाल्या दोन कंपन्यांनी मध्यस्थापुढे केलेल्या कराराला ही खिडकी ठेवायची आणि तालुक्याच्या पॅनेलपुढे अंगठा उठवणाऱ्याला हायकोर्ट दाखवायचं, यात कुठला न्याय?

कलम 21 मध्ये अशीच अरुंद वाट जिल्हा न्यायालयापुरती ठेवावी. आमच्याच बारमधले म्हणतील, उद्या प्रत्येक पस्तावलेला तोतयेगिरीचा आरोप करत येईल. येऊ दे. खोटा निघाला तर जबर खर्च बसवा. शिवाय पॅनेलनं आपलं काम नीट केलं, तर खोट्याला जागाच उरणार नाही. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी टेबलापुढे रांग असते, 'वाचून दाखविले, मान्य व कबूल' हा मजकूर आधीच छापलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीसाठी निकाली प्रकरणांचा आकडा हवा असतो. हिस्सा सोडणाऱ्या बाईला भावांपासून बाजूला बसवावं. "काय सोडताय, बाई?" एवढं विचारावं आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. आधार कार्ड पाहून नोंद करावी. वाटपाच्या कामात सगळे हिस्सेदार हजर आहेत का, हे सातबाऱ्यावरून ताडून बघावं. एका प्रकरणाला पंधरा मिनिटं जास्त लागतील आणि संध्याकाळचा आकडा घसरेल. तो घसरू द्यायला जिल्हा प्राधिकरणाची तयारी हवी.