बोगस बियाणे, बोगस पुस्तके

जालना ही बियाण्यांची पेठ. इथला शेतकरी पिशवीवरचे टपोरे कणीस पाहून भुलत नाही. उगवण किती, लॉट कुठला, पक्की पावती मिळेल का, हे विचारतो. मग जुन्या जालन्यातल्या वाचकाने पुस्तक घेतानाच चौकशी का सोडावी? तमाशात किंवा बारमध्ये नाचणाऱ्या बायकांची ‘सत्यकथा’ म्हणून जे खपते, ते बहुधा चित्र पाहूनच घेतले जाते. मुखपृष्ठावर चाळ बांधलेले पाय, आत पानोपानी अश्रू. अशा पेरणीतून काय उगवते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे.

ऑगस्ट 2005मध्ये राज्याने डान्सबार बंद केले. त्याआधी बारबालांवर रकानेच्या रकाने भरले. कुणाच्या लेखी ती फसवून आणलेली, कुणाच्या लेखी संसार बुडवणारी. तिलाच जाऊन विचारावे, हे फार थोड्यांना सुचले. एसएनडीटी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि स्त्री अत्याचार विरोधी मंचाने 500 जणींशी बोलून त्यांची कमाई, शिक्षण, घरची जबाबदारी नोंदवली. ही पाहणी न्यायालयापुढे आली. उच्च न्यायालयाने 2006मध्ये बंदी रद्दबातल ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने 2013मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. पण अंतिम निकालापर्यंत बंदी कायम राहिली आणि तोवर आठ वर्षांची रोजीरोटी गेली होती.

कसदार वाण आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994मध्ये आले. नाचणारीच्या कमाईवर घरातले कोण कोण बसून खातात, याचा हिशेब तिच्या मुलानेच मांडला. अभिनेत्री हंसा वाडकरांचे आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ शब्दांकित केले अरुण साधूंनी, पण आवाज बाईंचाच राहिला. तमाशातल्या दलित स्त्रियांवर ‘अश्लील’ हा शिक्का जातिव्यवस्थेने कसा मारला, ते शैलजा पाईक यांच्या 2022च्या इंग्रजी ग्रंथाने तपासले.

उलट तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे पाहा. प्रयोग चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा किस्सा जो तो सांगतो. फड कसा चालवला, कर्ज कसे झाले, राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळूनही म्हातारपण हलाखीत का गेले, हे विचारायला कुणी थांबत नाही. एका किस्स्यात अख्खी बाई संपवायची, ही आळशी लेखणीची खूण.

म्हणून पारख सोपी ठेवावी. बोलते कोण, ती की लेखक? उचल म्हणजे आगाऊ रक्कम, सुपारी म्हणजे कार्यक्रमाचा ठराव, दौलतजादा म्हणजे प्रेक्षकांनी उधळलेले पैसे, हा व्यवहार लेखकाला कळतो का? तिच्या दुःखाइतकेच तिच्या कसबाला, ताल-अदाकारीला पानांवर स्थान आहे का? छापण्यापूर्वी मजकूर तिला वाचून दाखवला का? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर वाचकाने ते घेऊ नये आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या समितीने ते खरेदीच्या यादीतून काढावे. शेवटी ग्रंथालयाचे अनुदान जनतेच्या पैशाचे आहे.

घाई आहे, कारण जत्रा-यात्रांमधून राहुट्या ठोकत फिरलेली जुनी पिढी एकेक करून जाते आहे. ती गेल्यावर कपाटात जे असेल, तोच पुरावा ठरेल. बोगस बियाण्याचा फटका निदान पेरणाऱ्याला बसतो, तो पंचनामा मागू शकतो. बोगस पुस्तकाचा फटका बसतो तो जिच्यावर ते लिहिले तिला, आणि तिचा पंचनामा करायला कुणी येत नाही.