सहस्र कंठांचा एक सूर

गेल्या गणेशोत्सवांत आमच्या हिंगोलीच्या घरीं सायंकाळची आरती चालली असतां धाकट्या सूनबाईंनीं आपल्या सात वर्षांच्या मुलास हळूच म्हटलें, “बाळ, तूं नुसत्या टाळ्या वाजव; तुझा सूर चुकतो.” मुलगा गप्प झाला. इतर कोणाचें तिकडे लक्षही गेलें नाहीं. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. कारण जवळजवळ हेंच वाक्य पूर्वीं एकदां आमच्या मुखांतून निघालें होतें. तें प्रकरण शेवटीं सांगूं. आधीं, दुसऱ्यांस गावयास लावण्यांत ज्यांनीं आपलें कौशल्य वेंचलें, अशा दोन पुरुषांचा वाचकांस परिचय करून देतों.

पहिले इंग्लंडचे सर डेव्हिड विल्कॉक्स. यांचा जन्म १९१९ सालचा. बालपणीं ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या गायकवृंदांत गात. दुसऱ्या महायुद्धांत १९४४ सालीं नॉर्मंडीच्या रणांगणावर दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांस ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला. पुढें १९५७ पासून १९७४ पर्यंत केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदाचे ते चालक होते. आणि लंडनचा बाख वृंद तर त्यांनीं १९६० पासून १९९८ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षें, सांभाळला. २०१५ सालीं ते निवर्तले. या बाख वृंदांतील गायक हौशी. आपापला व्यवसाय सांभाळून तालमीस येणारे. यूरोपीय समूहगानांत बहुधा उंच व खालचे असे चार निरनिराळे स्वरप्रवाह एकाच वेळीं चालतात. त्यांचा मेळ राखणारा चालक स्वतः एक अक्षरही गात नाहीं. लय कोणती, श्वास कोठें घ्यावा, कोणीं आवाज आवरावा, हें तो केवळ हातानें व दृष्टीनें सांगतो. आपल्या मुंबईसही ही विद्या आहे. व्हिक्टर परंज्योती यांनीं १९५६ सालीं असाच वृंद स्थापिला व १९६७ सालीं त्यांच्या पश्चात् श्रीमती कुमी वाडिया यांनीं त्याची धुरा उचलली.

दुसरे पुरुष आपल्या घरचेच: वसंत देसाई. १९१२ सालीं कुडाळनजीक सोनवडें गांवीं ते जन्मले. कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनींत पडेल तें काम करीत ते शिकले, आणि १९४३ च्या ‘शकुंतला’ पासून शांतारामबापूंचे संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आले. ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’ हीं नांवें वाचकांस परिचित आहेतच. शास्त्रीय संगीताची एवढी जाण असलेल्या गृहस्थानें आपलें पांडित्य मिरविलें असतें, तर कोणीं दोष दिला नसता. परंतु ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील कैद्यांची प्रार्थना पाहा, किंवा ‘गुड्डी’ (१९७१) मधील शाळेची प्रार्थना पाहा. चरण लहान, स्वरांची झेप बेताची, श्वासास जागोजाग अवकाश. एकीस भैरवीचा आधार, दुसरीस केदाराचा. पण गाणाऱ्या मुलास त्याची वार्ताही नसते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ‘छोटा जवान’ करितां त्यांनीं चाल दिलेलें समरगीत असेंच शाळाशाळांतून घुमलें, आणि शाळकरी मुलांच्या मोठ्या समुदायांकडून समूहगीतें गाऊन घेण्याचें कार्यही त्यांनीं आवडीनें केलें. कांचीच्या शंकराचार्यांनीं रचिलेलें ‘मैत्रीं भजत’ हें संस्कृत गीत श्रीमती एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांनीं २३ ऑक्टोबर १९६६ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघापुढें गाइलें. त्याची चालही देसायांचीच. २२ डिसेंबर १९७५ रोजीं मुंबईंत लिफ्टच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रार्थना मात्र आजही कितीएक शाळांत सकाळीं ऐकूं येतात.

उत्तम गवई अवघड स्वर स्वतःच्या कंठांतून काढतो. समूहगानाचा कर्ता सोपा स्वर शोधतो. आणि असा सोपा स्वर शोधणें हें अवघड स्वर गाण्याहून सोपें नव्हे, असें आमचें मत आहे. आमच्या जिल्ह्यास हें नवीन नाहीं. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नरसी येथून जवळच आहे. दिंडींत विणेकरी सूर धरतो, मृदंग लय राखतो आणि टाळकरी मागून उचलतात. तेथें कोणाचाही गळा पारखून त्यास रांगेंत घेत नाहींत. बेसूर मनुष्यही चार सुरेल माणसांच्या मध्यें चालतां चालतां हळूहळू सुरास लागतो.

आतां आमचा अपराध. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेंत संमेलनाकरितां त्याच ‘गुड्डी’ मधील प्रार्थनेची तालीम घेत होतों. एका मुलाचा सूर वारंवार ढळे. आम्हीं त्यास म्हटलें, “तूं नुसते ओठ हालव.” संमेलन उत्तम झालें; पाहुण्यांनीं वाखाणणी केली. कांहीं वर्षांपूर्वीं तोच मुलगा, आतां प्रौढ गृहस्थ, आपल्या मुलीस घेऊन आम्हांस भेटावयास आला. जातांना नमस्कार करून हंसत म्हणाला, “गुरुजी, मी अजून आरतीला नुसते ओठच हालवितों.” त्याच्या मनांत राग नव्हता; म्हणूनच तें अधिक लागलें. जें गीत सर्व कंठांकरितां निर्मिलें गेलें, तेंच शिकवितांना आम्हीं एक कंठ मिटविला होता.

नंतर विचार करितां ध्यानांत आलें, कीं चूक बहुधा आमच्याच पट्टीची होती. आम्ही आपल्या जाड्या आवाजांत आरंभ करीत असूं. तो सूर त्या कोवळ्या गळ्यास सांपडत नसे. त्यास दोन सुरेल मुलांच्या मध्यें उभें करून, जरा वरच्या पट्टींत, हळू लयींत चार दिवस गाऊं दिलें असतें, तर कदाचित् तो सुधारला असता. नसता सुधारला, तरी पन्नास मुलांत एका सुरानें काय बिघडणार होतें?

सूनबाईंस आम्हीं हें सर्व सांगितलें. दुसऱ्या दिवशीं आरतीच्या वेळीं नातवास त्याच्या आजीशेजारीं उभें केलें आणि म्हटलें, “बाळ, आज आरंभ तूं कर.” त्यानें आईकडे पाहिलें, आईनें मान हालविली. त्याचा सूर बराच उंच लागला. आम्हां वृद्धांस तो गांठतां गांठतां धांप लागली. पण त्या दिवशीं घरांत ओठ हालविणारें कोणी नव्हतें.