सुधाकर, तळीराम आणि बाटलीवरचा आकडा

मराठीत दारूविषयी बोलण्याच्या दोनच भाषा आहेत. एक सुधाकराची, दुसरी तळीरामाची. गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ लिहिले त्याला शंभर वर्षे उलटून गेली; तरी आपण एक तर विनाशाची कथा सांगतो, नाही तर आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीतले हसू हसतो. तळीराम तर नाटकातून निसटून सामान्यनाम होऊन बसला. या दोघांच्या मध्ये, पेल्यात जे आहे ते बरे की वाईट आणि कशामुळे, हे सांगणारी तिसरी भाषा आपण घडवलीच नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की ती भाषा नसल्यामुळे तिची जागा किमतीने घेतली आहे. ज्यांचा व्यवसायच मूल्यविवेक शिकवण्याचा आहे, त्या आपण प्राध्यापक मंडळींनी हे निमूटपणे चालवून घ्यावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

निमित्त घडले ते एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी. त्यांच्या मुलाने परदेशातून येताना विमानतळावरच्या दुकानातून अठरा वर्षांची सिंगल माल्ट आणली होती. सर सौंदर्यशास्त्र शिकवतात. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये कवीचे नाव न सांगता विद्यार्थ्यांपुढे कविता कशा ठेवल्या आणि भल्याभल्यांचे अभिप्राय कसे कोसळले, हे ते वर्गात फार रंगवून सांगतात. बाटली मात्र हातोहात फिरली, प्रत्येकाने आकडा वाचला, आणि पहिला घोट घशाखाली उतरण्याआधीच “वा! अठरा वर्षे!” असा निर्णय जाहीर झाला. पुढच्या दोन तासांत चवीविषयी एकही विशेषण उच्चारले गेले नाही. किमतीचा उल्लेख पाच वेळा झाला.

महिन्याभराने मी त्याच मंडळींना घरी बोलावले, तीन बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळले आणि पेल्यांना फक्त क्रमांक दिले. सरांकडून मागून आणलेल्या त्याच अठरा वर्षांच्या बाटलीला पाचांपैकी एकानेच पहिला क्रमांक दिला. पाच माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. सिद्ध झाले ते कागद काढल्यावर. दोघांनी तत्काळ मत बदलले, आणि एकाने आपल्याला सकाळपासून सर्दी असल्याचे सांगितले.

आधी त्या आकड्याचेच पाहू. स्कॉचविषयीच्या २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार हे मद्य स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरांहून मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरावे लागते आणि बाटलीत मद्यार्क किमान ४० टक्के असावा लागतो. वय छापायचे असेल तर ते बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे छापावे लागते. म्हणजे आकडा खोटा नसतो. पण तो काळाचा असतो, गुणाचा नव्हे. अनेकदा वापरून थकलेल्या पिंपात अठरा वर्षे पडून राहिलेली व्हिस्की चांगल्या पिंपातल्या दहा वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडू शकते. सेवाज्येष्ठता म्हणजे विद्वत्ता नव्हे, हे महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

शिवाय काळ सगळीकडे सारख्या गतीने चालत नाही. स्कॉटलंडच्या थंड गोदामात वर्षाकाठी सुमारे २ टक्के मद्य पिंपातून उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूर किंवा गोव्याच्या उष्ण हवेत हे देवदूत कितीतरी पटींनी तहानलेले असतात आणि लाकूडही आपले काम झपाट्याने करते. म्हणूनच २००४ मध्ये ग्लासगोत प्रथम बाजारात आलेल्या अमृतच्या किंवा दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉनच्या बहुतेक बाटल्यांवर वय दिसत नाही. तिथे अठराचा आग्रह धरला तर पिंपात चाखण्यासारखे फारसे उरणारच नाही. आकडा नाही म्हणून नाक मुरडणारा रसिक आपले हवामानाचे अज्ञानच प्रकट करत असतो.

आता किंमत. ती गुणाची खूण आहे असे मानणाऱ्यांनी आपल्याच राज्यातल्या दोन तारखा आठवाव्यात. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात केलेल्या स्कॉचवरचे उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले आणि त्याच बाटल्या एकदम स्वस्त झाल्या. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. पहिल्या निर्णयाने स्कॉचची चव उतरली का? दुसऱ्याने देशी व्हिस्कीची चव दीडपट झाली का? त्याच वर्षी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरचे १५० टक्के आयात शुल्क ७५ वर आणि पुढे दहा वर्षांत ४० वर आणण्याचे ठरले. आपण ज्याला उंची दर्जा म्हणून मान डोलावतो, त्याचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीचा असतो. वाजवी किमतीची व्हिस्की निवडणाऱ्याने पहिला हिशेब हाच करावा, की मी मोजलेल्या रुपयांतले पिंपासाठी किती गेले आणि शुल्कासाठी किती. हा हिशेब केला तर आपल्याकडे भारतीय माल्टचे पारडे पुष्कळदा जड ठरते. त्यात देशाभिमानाचा संबंध नाही.

किंमत आणि आकडा बाजूला ठेवले तर उरते काय, असे कोणी विचारील. उरते संहिता. लेबल ही वाचायची गोष्ट आहे, आणि तिच्यात जे लिहिलेले नाही तेही वाचायचे असते. मद्यार्क ४६ टक्के किंवा त्याहून अधिक आहे का? त्याहून कमी असेल तर थंडाव्यात किंवा पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ दिसू शकते. ते टाळण्यासाठी ती अतिथंड करून गाळतात, आणि गाळताना तिचा काही स्निग्धपणा जातो. अशी गाळणी केली नसेल तर उत्पादक ते अभिमानाने छापतो. छापले नसेल तर बहुधा केलेली असते. रंग नैसर्गिक असल्याचे म्हटले आहे का? स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल मिसळण्याची कायद्याने मुभा आहे, म्हणून गडद सोनेरी रंग पाहून हुरळून जाऊ नये. आणि भारतीय बाटलीच्या बाबतीत कच्चा माल कोणता? साखर कारखान्यांच्या या राज्यात मळी म्हणजे काय ते सांगायला नको. मळीच्या मद्यार्काला युरोपीय संघात व्हिस्की हे नाव लावता येत नाही, भारतात त्याला आडकाठी नाही. त्यात थोडे माल्ट मिसळून वर एखाद्या स्कॉटिश सरदाराला शोभेलसे नाव छापले, की आपली मंडळी त्या नावावरच खूश असतात. ब्लर्ब वाचून कादंबरीवर परीक्षण लिहिणारे आणि हे ग्राहक एकाच कुळातले.

या वृत्तीचे टोक पाहायचे असेल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला झालेला लिलाव आठवावा. १९२६ च्या मॅकॅलनची एक बाटली २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. असली बाटली कोणी सहसा उघडत नाही. जिची चव कधीच घेतली जाणार नाही तिला व्हिस्की का म्हणायचे, हा प्रश्न पाने न फाडलेल्या पहिल्या आवृत्त्या काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांनीही स्वतःला विचारावा.

किमतीपुढची हीच शरणागती डिस्टिलरी पाहायला जाणाऱ्यांत दिसते. फक्त तिथे तिला तीर्थयात्रेचे रूप येते. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाकडे ॲबर्डीनला गेलो असता स्पे नदीच्या खोऱ्यातली एक प्रसिद्ध डिस्टिलरी पाहिली. नाव सांगण्याचे कारण नाही. आधी धुके, हरणे आणि बॅगपाइप यांचा चित्रपट. मग तांब्याच्या भांड्यांपुढे छायाचित्रे. मग दोन चमचे व्हिस्की. आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. इमारतीवर सुंदर पॅगोडा होता. चार्ल्स डॉइग या वास्तुविशारदाने १८८९ मध्ये डॅल्युएन इथे अशा छपराची योजना पहिल्यांदा केली, ती भट्टीवर वाळणाऱ्या मोड आलेल्या बार्लीचा धूर नीट वर जावा म्हणून. मी मार्गदर्शक मुलीला विचारले, “ही भट्टी आता चालते का?” ती प्रामाणिक होती. म्हणाली, “नाही, माल्ट ट्रकने तयार येते.” बहुतेक ठिकाणी आज हेच आहे. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते धूर नसलेले धुराडे परंपरा म्हणून विकणे, आणि आपण त्याच्यापुढे हात जोडून उभे राहणे.

आल्फ्रेड बार्नार्ड हा गृहस्थ १८८५ ते १८८७ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या दीडशेहून अधिक डिस्टिलऱ्या पाहत हिंडला. त्याचे जाडजूड पुस्तक १८८७ चे. त्याने निसर्गवर्णनही केले, पण भांडी किती गॅलनांची, वर्षाला उत्पादन किती, याच्या नोंदी करायला तो चुकला नाही. पाहणे म्हणजे हे. आज जाणाऱ्यानेही चार प्रश्न घेऊन जावे. माल्ट कुठून येते? आंबवण किती तास चालते? पिंपे कोणती आणि कितव्यांदा भरलेली? रंग मिसळता का? कॅम्पबेल्टाउनच्या स्प्रिंगबँकमध्ये अजूनही सगळी बार्ली त्यांच्याच फरशीवर पसरून, माणसांकरवी उलथून माल्ट केली जाते. असा फरक डोळ्यांनी पाहिला, की बाटलीची किंमत कशाची हे कळू लागते. ‘फक्त इथेच मिळेल’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीपुढे उभे राहतानाही याच उत्तरांची आठवण ठेवावी. कुंकळ्ळीला जाणाऱ्यांनीही समुद्रकिनाऱ्यावरून येताना हेच प्रश्न खिशात ठेवावेत.

यावर आक्षेप ठरलेला आहे. हे दारूचे उदात्तीकरण नव्हे काय? आक्षेप हलका नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती काही लेबल वाचायला चुकली म्हणून नव्हे. सुधाकरासाठी कोणतीच बाटली वाजवी किमतीची नसते, आणि ज्याने पिऊ नये त्याला हा लेख प्या म्हणत नाही. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी कायद्याचे वय २५ आहे, हे आमच्या विद्यार्थी वाचकांनी ध्यानात घ्यावे. वाचनावर वयाचे बंधन नाही. पण जे पितात, आणि प्राध्यापकांत ते कमी नाहीत, त्यांना चोखंदळपणा नको असे म्हणणे म्हणजे त्यांना जाहिरातीच्या स्वाधीन करणे. आकडा पिणाऱ्याला पुढचा, मोठा आकडा लागतो. चव घेणाऱ्याचे एका पेल्यात भागू शकते.

स्कॉटलंडच्या भाषेला ही समज आभाळातून मिळाली नाही. त्यांचा रॉबर्ट बर्न्स अबकारी खात्यात नोकरीला होता. कादंबरीकार नील गनही त्याच खात्यात डिस्टिलरीवर नेमलेला अधिकारी होता, आणि १९३५ मध्ये त्याने व्हिस्की आणि स्कॉटलंड यांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पिंपे मोजणारा माणूसच शब्दही मोजत होता. आपल्याकडे काजूच्या फेणीपासून मोहापर्यंत एवढे वैविध्य असताना, त्यांच्या चवीवर मराठीत नेमकेपणाने लिहिलेली चार पाने शोधावी लागतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत कोणी अठरा वर्षांची बाटली काढली, तर तिला वर्तमानपत्र गुंडाळा. मग ज्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘स्वतःचे मत मांडा’ असे सांगितले, त्यांना त्यांचे मत विचारा. सर्दीची सबब ऐकून घेऊ नका.