कांद्याची विद्या

दिवाळीच्या फराळाबरोबर फेफऱ्याचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील. खुशाल मुरडावे! सातारा-सांगलीकडे ज्या नाकांना आपण आजवर कांदा हुंगवला, त्यांच्यापेक्षा या नाकांचे हाल खचितच कमी आहेत.

साठी उलटलेला माणूस एकाएकी ताठतो, हातपाय झाडतो. लगेच शहाणे धावतात. एकाच्या हाती कांदा, दुसऱ्याच्या हाती चप्पल. तिसरा दातांत चमचा खुपसतो. दोन-तीन मिनिटांत झटका बहुधा आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते! पुढे घरात फर्मान सुटते, "चक्कर आली म्हणावे, बोभाटा नको."

या लपवाछपवीशी माझे भांडण आहे. मी मास्तर, औषध देण्याचा मला अधिकार नाही, पण 'का?' विचारण्याचा आहे. उतारवयातील पहिल्या फेफऱ्यामागे पुष्कळदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतो. कधी गाठ, कधी उतरलेली साखर, कधी रक्तदाबाच्या गोळीने घटलेले सोडियम, तर कधी एकदम सोडलेली दारू. म्हणून रक्त तपासावे लागते, मेंदूचा स्कॅन काढावा लागतो. हृदयाचा आलेखही हवा. कारण हृदयाची लय बिघडूनही माणूस कोसळतो आणि हातपाय झाडतो. मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम टिपला. परंतु तो निर्दोष आला म्हणून रोग नाही, असे ठरत नाही.

या तपासात मोठी साक्ष पाहणाराची. साताऱ्यातील माझ्या एका शेजाऱ्यांच्या घरी झटका पाहिला होता फक्त आठ वर्षांच्या नातवाने. "आधी आजोबांचा उजवा हातच उडत होता," तो सांगू लागला, तोच थोरांनी त्याला दटावले. एका हातापासून सुरू झालेला झटका मेंदूच्या विरुद्ध बाजूकडे बोट दाखवतो. पोर तेच बोट दाखवीत होते!

लाज कसली? हा रोग दैवी नव्हे, असे ग्रीक वैद्यांनी सुमारे २,४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले. सांगलीशेजारच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेशी झुंज दिली. २०१३ साली त्यांची हत्या झाली. हिंदू विवाह कायद्यातील फेफऱ्याची आडकाठी १९९९ साली निघाली. कायदा सुधारला, आमचे माजघर केव्हा सुधारणार?

वाचकहो, रोग्याला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करा. थांबला तरी डॉक्टर गाठा आणि पाहिले ते सारे सांगा. कांदा चिवड्यात घाला. तिथे तो गुणकारी आहे.