मिशनचा दौरा आणि आपला शेजारधर्म

सेवेसाठी दूरदेशी जाण्यापेक्षा आपल्याच गावाच्या कडेला असलेल्या गरीब वस्तीत जावे, असा विचार अलीकडे अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत रुजत आहे. सुटीचे चार-आठ दिवस तरुण मंडळी तेथे घरांची डागडुजी करतात, मुलांना शिकवितात. वाचकहो, हुबळी-धारवाडच्या मराठी कुटुंबांना हा विषय परका वाटू नये. मिशनच्या दौऱ्यांचा मोठा इतिहास आपल्याच अंगणात घडला आहे.

बासेल मिशनचे धर्मोपदेशक 1834 मध्ये मंगळुरास आले. 1837 मध्ये धारवाडास आणि 1839 मध्ये हुबळीस त्यांची ठाणी झाली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कचेरीत आणि सरकारी शाळांत मराठीचे वजन होते. पण शेतकऱ्यांची व विणकरांची बोली कन्नड, म्हणून या मंडळींनी कन्नडच आत्मसात केली आणि खेड्यापाड्यांतून, जत्रांतून ते हिंडले. 1853 साली हिंदुस्थानात आलेल्या फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश 1894 मध्ये मंगळुरास प्रसिद्ध झाला, तो याच परंपरेतून.

धर्मांतर हा त्यांचा उघड हेतू होता. त्यावरून घरे दुभंगली, वादही झाले. हे झाकण्याचे कारण नाही. तथापि धर्म बदलणाऱ्याचा जातीचा धंदा सुटतो आणि त्याबरोबर भाकरीही तुटते, हे त्यांनी ओळखले. म्हणून मिशनने विणकामाचे कारखाने काढले. मंगळुरी कौलांचा कारखाना 1865 चा. 1914 च्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांचे काम खंडित झाले, परंतु शाळा टिकल्या.

आपण तर येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहोत. जी भाषा शिकण्यास त्या परदेशस्थांची उमेदीची वर्षे गेली, ती आपल्या मुलांना खेळता खेळता येते. असे असूनही चार गल्ल्यांपलीकडची वस्ती आपल्याला अनोळखी असते. दिवाळीत फराळाचे पुडे आणि जुने कपडे आपण देऊन येतो, पण घेणाऱ्याचे नाव विचारण्याचे राहून जाते. ते देणे वाईट नव्हे. मात्र काय द्यावे आणि केव्हा द्यावे, हे सारे आपणच ठरविलेले असते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. एकच वस्ती निवडावी, आठवड्यातला एकच तास ठरवावा आणि तो वर्षभर पाळावा. काय हवे ते आधी विचारावे. कुणाला रेशनकार्डाचा अर्ज लिहून हवा असेल, कुणा मुलीचे दहावीचे गणित अडले असेल, कुणा वृद्धेला सरकारी इस्पितळात सोबत हवी असेल. यांपैकी कशालाही वर्गणी लागत नाही, सातत्य मात्र लागते.

एखाद्या आठवड्यात आपले जाणे चुकले आणि पुढच्या खेपेस एखाद्या आजीने दारातूनच “याक बरलिल्ल री?” म्हणजे “का आला नाहीत?” असे विचारले, तर आपण तेथे शेजारी झालो असे खुशाल समजावे.